छोटा मिडी कंट्रोलर, आत्याचा तानपुरा आणि बारा मिनिटांचा व्हिडिओ: कामाच्या नोंदी

मिरजेत माझ्या आत्याचं महिला भजनी मंडळ आहे. ६ जुलै २०२५ च्या आषाढीआधी त्यांच्या भजनाचा एक बरा व्हिडिओ करायचा, असं ठरलं. अडचण तानपुऱ्याची होती. टाळ-पखवाजात तो कधीच ऐकू येत नाही, आणि आत्या स्वतः गाणार म्हटल्यावर वाजवणार कोण? म्हणून तिच्याच तानपुऱ्याच्या तारा सुट्या रेकॉर्ड करून मिडी कंट्रोलरवरून (स्वतः आवाज न काढता संगणकाला हुकूम पाठवणारा छोटा कीबोर्ड) वाजवायच्या, मिक्सिंग त्याच कंट्रोलरवर आणि जमलं तर व्हिडिओचं एडिटिंगही त्यावरच, असा बेत केला. कुणी असंच काही करायला घेणार असेल तर माझे वाया गेलेले तास वाचावेत म्हणून या नोंदी.

१८ मे, रविवार

कंट्रोलर आला. जुना आहे, पुण्यातल्या एका मुलाकडून ४,२०० रुपयांना घेतला. २५ बारीक पट्ट्या, ८ पॅड, ८ नॉब. लॅपटॉपशेजारी मावतो एवढ्याच गुणावर घेतला. आत्याने उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाली, "ही काय खेळण्यातली पेटी आणलीस रे? हिचा भाता कुठाय?"

पहिली संध्याकाळ फुकट गेली. दिवे लागत होते, पॅड चमकत होते, पण लॅपटॉपला तो दिसतच नव्हता. दोन तास ड्रायव्हर काढून-घालून पाहिले. शेवटी कळलं की सोबत आलेली केबल फक्त चार्जिंगची आहे, तिच्यात डेटाच्या तारा नाहीतच. दुसरी केबल १५० रुपयांना आणली आणि तो क्षणात दिसला. दिवा लागतोय म्हणून केबलवरचा संशय सोडू नका.

२१ मे, बुधवार

तानपुरा सतारमेकर गल्लीतून जवारी काढून (तार गुंजावी म्हणून घोडी घासून) आणला. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण गल्लीत काम पूर्वीसारखंच चालतं: कारागीर मांडीवर तानपुरा घेऊन घोडीवर कानस फिरवतो, तार छेडतो, पुन्हा फिरवतो. मी घाई केली तर म्हणाले, "दोन दिवस राहू द्या, मग आणखी उघडेल." थांबायची माझी तयारी नव्हती. तारांचा संच आणि जवारी मिळून ९०० रुपये.

२४ मे, शनिवार

रात्री साडेअकरानंतर रेकॉर्डिंग केलं. पंखा बंद, फ्रिज बंद, दारं लावलेली. आत्याची पट्टी काळी चार (पेटीची चौथी काळी पट्टी). फोनवरच्या ट्यूनरने पंचम, दोन जोड आणि खर्ज अशा चारही तारा लावल्या. (पुढे १ जूनची नोंद वाचा. इथेच चूक झाली.)

प्रत्येक तार स्वच्छ यावी म्हणून एक छेडताना बाकीच्या तीन तळहाताने दाबून धरल्या. चार तारा, प्रत्येकीचे चार टेक, असे १६ आवाज. ऐकायला बसलो तर सगळं मेलेलं. पेटीत ठेवून तार वाजवल्यासारखं. तानपुऱ्यात एक तार छेडली की बाकीच्या तिघी तिच्याबरोबर कंप पावतात, तोच तर त्याचा आवाज. त्या दाबल्या म्हणजे तानपुरा उरतच नाही.

आत्या जागीच होती. तिने दारातून एवढंच सांगितलं: "बोटाचं मांस लागलं पाहिजे, नख नाही. आणि ओढू नकोस, नुसतं सोड."

२५ मे, रविवार

रात्री पुन्हा करायचं ठरलं होतं. यंदा मान्सून आजच महाराष्ट्रात पोचला, मे संपायच्या आत. स्वयंपाकघरावर पत्रा आहे. त्यावरचा पाऊस माइकने तानपुऱ्यापेक्षा जास्त प्रेमाने टिपला. शून्य काम.

२८ मे, बुधवार

पाऊस थांबलेल्या दोन तासांत सगळं उरकलं. या वेळी तारा मोकळ्या ठेवल्या, छेडायची एकच, आणि पुढची छेडण्याआधी सगळं पूर्ण शांत होईपर्यंत थांबायचं. एका आवाजाला १४ सेकंद वाजू दिलं. दमट हवेने जोडाची एक तार दर पाच मिनिटांनी उतरत होती. खुंटीला हात न लावता मणी सरकवून सांभाळली. शेवटचे टेक काढताना बोट सोललं होतं आणि मला नुसती झोप येत होती, हेही लिहून ठेवतो.

३१ मे, शनिवार

वाजवायला स्फोर्झांडो नावाचा मोफत सॅम्पलर (रेकॉर्ड केलेले आवाज वाजवणारा प्रोग्रॅम) घेतला. त्याची एसएफझेड फाइल साध्या नोटपॅडमध्ये लिहिता येते: अमुक नोट आली की अमुक आवाज वाजव. मिडीत सुरांना क्रमांक असतात. माझे खालचे चार पॅड नोट ३६, ३७, ३८, ३९ पाठवतात. फाइलमध्ये 'लोकी' आणि 'हायकी' (कुठल्या नोटपासून कुठल्या नोटपर्यंत वाजायचं) दोन्ही ३६ टाकलं आणि पॅड दाबला.

जे ऐकू आलं त्याने मांजर उठून गेलं. तानपुरा दोन सप्तकं खाली, चौपट संथ, एखाद्या विहिरीतून येतोय असा. तासभर रेकॉर्डिंगच्या फाइली तपासल्या, त्या ठीक होत्या. कारण असं: आवाजाची मूळ पट्टी सांगितली नाही तर सॅम्पलर ती नोट ६० धरतो. पॅड ३६ चा, म्हणजे २४ स्वर खाली, म्हणजे बरोबर दोन सप्तकं. 'लोकी-हायकी' काढून नुसतं 'की' ३६ लिहिलं की मूळ पट्टीही ३६ धरली जाते. चार ओळी बदलल्या आणि तानपुरा जमिनीवर आला.

चार टेक आळीपाळीने वाजावेत म्हणून 'सीक्वेन्स लेंग्थ' ४ आणि प्रत्येकाला १ ते ४ क्रमांक दिला. एकच टेक पुन्हापुन्हा वाजला तर तिसऱ्या आवर्तनाला यंत्र कळतं. चार असले की कान सहज फसतो.

१ जून, रविवार

तालमीला लॅपटॉप घेऊन गेलो. पॅडवर बोटांनी पंचम, जोड, जोड, खर्ज. दोन मिनिटं मान डोलली, मग पेटी सुरू झाली आणि आत्याने माझ्याकडे बघितलं. बोलली काही नाही, नुसतं बघितलं.

मोजलं. मंडळाची पेटी जुनी आहे, तिचा काळी चार फोनच्या ट्यूनरपेक्षा १४ सेंट चढा (सेंट म्हणजे शेजारच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग). माझा सा २०७.६५ हर्ट्झ, पेटीचा साधारण २०९.३. दोन्ही एकत्र वाजले की सेकंदाला पावणेदोन हेलकावे येतात. बेसूर म्हणता येत नाही, पण कानाला सारखं कुणीतरी हलवतंय असं वाटतं. पेटीचे सूर काही एका रात्रीत बदलत नाहीत. म्हणजे तानपुरा पेटीला लावायचा, फोनला नाही. हे मंडळातल्या कुठल्याही काकूंनी मला आधीच सांगितलं असतं.

फाइलमध्ये 'ट्यून' १४ टाकलं. हेलकावे गेले. नशीब, एवढ्याशा फरकाने आवाजाचा पोत बिघडला नाही.

७ जून, शनिवार

चित्रीकरण. तीन फोन: एक समोरून सगळं मंडळ, एक आत्यावर, एक पखवाजावर. ध्वनी वेगळा, मित्राच्या साउंड कार्डवर, प्रत्येकाला वेगळा चॅनेल: आत्या, कोरस, टाळ, पेटी, पखवाज. दोन अभंग, एक गौळण, एक भैरवी.

तिन्ही फोन जुळवायला सुरुवातीला टाळी वाजवायची, असं वाचलं होतं. मी वाजवली. माझ्या मागोमाग अकरा बायकांनी हौसेने वाजवली. आता कुठली टाळी धरायची? पुढच्या रचनेला टाळाचा एकच खणखणीत ठोका घेतला. लहरीत तो सुईसारखा उभा दिसतो, तेच बरं.

१० जून, मंगळवार

मिक्सिंग रीपर या प्रोग्रॅममध्ये. ६० दिवस वापरून बघता येतो. मग सवलतीचं लायसन्स ६० डॉलरचं, ते मी शेवटी घेतलं.

आधी तानपुरा. चार पॅडवर बारा मिनिटं सरळ वाजवून नोंदवला. मग सवयीने सगळ्या नोटा भजनी ठेक्याच्या मात्रांवर खेचल्या, आणि तानपुरा घड्याळ झाला. तानपुरा तालात वाजवायचाच नसतो, तो आपल्या चालीने फिरतो. अनडू.

मग नॉब. एकेका आवाजाला एकेक नॉब लावून टाकला. टाळ कमी करायला सातवा फिरवला तर टाळाबरोबर तानपुराही विरत गेला. नॉब सीसी (मिडीत नॉबच्या हुकमाचा क्रमांक) १ ते ८ पाठवत होते आणि सीसी ७ म्हणजे मिडीत व्हॉल्यूम. तानपुऱ्याचा ट्रॅक चालू होता, सॅम्पलरने तो हुकूम इमानदारीने पाळला. कंट्रोलरच्या सेटिंगमध्ये नॉबना सीसी २० ते २७ दिले. हे क्रमांक प्रमाणात कुठल्याच कामाला बांधलेले नाहीत, म्हणून बिनधास्त वापरावेत.

१२ जून, गुरुवार

आजचा दिवस नीट सांगतो, कारण कंट्रोलर घेणारा प्रत्येक जण इथे ठेचकाळतो.

माझ्या नॉबना दोन्ही टोकांना अडथळा आहे. नॉब कुठे उभा आहे एवढंच तो सांगतो. पडद्यावर टाळ उणे १४ डेसिबलवर ठेवला होता, हाताखालचा नॉब मात्र मागच्या वेळच्या जागी, जवळजवळ पूर्ण वर. जरा हलवला आणि टाळ एकदम कानात फुटला. हेडफोन फेकला. दुसऱ्यांदा तसंच झालं तेव्हा आवाज इतका मोठा होता की कान अर्धा तास वाजत होता.

उपाय रीपरमध्येच आहे. नॉब शिकवताना जी चौकट उघडते, तिच्यात 'सॉफ्ट टेकओव्हर' अशी खूण आहे. ती केली की नॉब पडद्यावरच्या जागेवरून जाईपर्यंत काही घडत नाही, तिथे पोचला की धरतो. मला वाटलं होतं हे आपोआप होत असेल. नाही होत, प्रत्येक नॉबला वेगळी खूण करावी लागते.

मग आवाज चालत्या गाण्यात वरखाली करून नोंदवायचे. आधी 'टच' मोडमध्ये केलं. नॉब स्थिर धरला की आवाज मूळ जागी परत सरकायचा. या नॉबला बोट लागलंय की नाही हे कळतच नाही. हलायचा थांबला म्हणजे सोडला, असंच रीपर समजतो. 'लॅच' मोड लावला, त्यात आवाज शेवटच्या जागीच राहतो, प्रश्न मिटला.

आणि मोठी घोडचूक: कोरसचा ट्रॅक 'राइट' मोडमध्ये (जुनं पुसून नवं लिहिणारा) तसाच ठेवून 'जरा ऐकू' म्हणून सुरुवातीपासून गाणं लावलं. सगळी नोंदवलेली रेघ सपाट. ५० मिनिटांचं काम गेलं. कळलं तेव्हा फाइल सेव्हही झाली होती. आता काम झालं की आधी सगळे ट्रॅक 'रीड'वर (नुसतं वाचणारा मोड), मग चहा.

एवढं सगळं सांगूनही सांगतो, मिक्सिंगला हा कंट्रोलर फार कामाचा. माउसने एका वेळी एकच आवाज हलतो. इथे डाव्या हाताने टाळ दाबून उजव्याने आत्याचा आवाज उचलता येतो. कोरस धृपदावर येतो तेव्हा दोन्ही बोटं आपोआप फिरायला लागली. ते माउसने कधी जमलं नसतं.

१५ जून, रविवार

व्हिडिओचं एडिटिंग दा विंची रिझॉल्व्ह या प्रोग्रॅमच्या मोफत आवृत्तीत. तिन्ही फोन टाळाच्या ठोक्यावर जुळवले. सुरुवातीला ओठ आणि आवाज एकत्र, बाराव्या मिनिटाला आत्या आधी गाते आणि आवाज नंतर येतो. फोन फ्रेमचा वेग स्थिर ठेवत नाहीत, उजेड बदलला की कमी-जास्त करतात. हँडब्रेक या रूपांतराच्या प्रोग्रॅममध्ये तिन्ही फाइली स्थिर २५ फ्रेमवर काढून घेतल्या. जुना लॅपटॉप, रात्रभर लागली. हे पहिल्याच दिवशी करून ठेवावं.

१७ जून, मंगळवार

नॉबने टाइमलाइनवर मागे-पुढे सरकायचं, ही माझी आवडती कल्पना होती. तिचा आज अंत्यविधी झाला.

रिझॉल्व्हमध्ये सोय सापडेना, म्हणून व्हिडिओ रीपरमध्ये टाकून तिथे प्रयोग केला. नॉब ० ते १२७ एवढेच आकडे पाठवतो. व्हिडिओ ७२० सेकंदांचा. ७२० भागिले १२७, म्हणजे एका टप्प्याला साडेपाच सेकंदांहून जास्त, जवळजवळ १४२ फ्रेम. मला एका फ्रेमवर थांबायचंय आणि नॉब एकदम कडव्याच्या मधून पुढच्या ओळीवर उडी मारतो. गोल-गोल कितीही फिरणारे एन्कोडर असतात, ते 'एक पुढे, एक मागे' एवढंच सांगतात. त्यांच्यावर हे जमतं. अडथळ्याच्या नॉबवर नाही. एडिटिंग डोळ्यांपुढे ठेवून कंट्रोलर घेत असाल तर विकणाऱ्याला हा एकच प्रश्न विचारा: नॉब टोकाला अडतो का?

२१ जून, शनिवार

नॉब सोडले, पॅड धरले. पॅड दाबला की कीबोर्डचं बटण दाबल्यासारखं व्हावं, यासाठी मिडीचं कीबोर्डमध्ये रूपांतर करणारा छोटा प्रोग्रॅम लावला. जे, के, एल म्हणजे उलटं, थांब, सुलटं. एक फ्रेम मागे, एक पुढे. आणि तीन पॅड तीन कॅमेऱ्यांना, त्यांचे शॉर्टकट रिझॉल्व्हमध्ये मीच ठरवले.

पहिला अडथळा: प्रोग्रॅमला कंट्रोलर उघडताच येईना. मागे रीपर चालू होता. माझ्या विंडोज १० वर एका प्रोग्रॅमने मिडी पोर्ट धरला की दुसऱ्याला तो मिळत नाही. रीपर बंद केला, मिळाला.

दुसरा अडथळा गमतीचा. स्पेसबारचा पॅड दाबला की व्हिडिओ सुरू, बोट उचललं की बंद. दाबून धरला तरच चालतो, शिलाई मशीनच्या पायट्यासारखा. पॅड खराब असेल म्हणून दुसरा घेतला, तेच. येणारे संदेश एकेक वाचले तेव्हा उलगडलं. बोट उचललं की माझा कंट्रोलर 'नोट बंद' असा वेगळा संदेश पाठवत नाही, 'नोट चालू, जोर शून्य' असा पाठवतो. मिडीच्या नियमात दोन्हीचा अर्थ एकच. पण मी नियम लिहिला होता 'नोट चालू, जोर कितीही'. म्हणून एका दाबण्यात स्पेसबार दोनदा. जोर १ किंवा जास्त अशी अट घातली आणि मशीन सरळ झालं. पाऊण दिवस.

२२ जून, रविवार

आजच्या दोन तासांसाठी मागचे पाच आठवडे माफ.

तिन्ही कॅमेरे पडद्यावर एकत्र, व्हिडिओ चालू, बोटं तीन पॅडवर. गाणं ऐकत ऐकत कट मारायचे. पखवाजावर तिहाई येतेय असं कानाला कळतं, बोट तिसऱ्या पॅडवर जातं, समेला परत आत्यावर. पहिल्या फेरीत फार कट मारले, डोळे गरगरले. तिसऱ्या फेरीत ४१ उरले आणि ते राहिले.

फक्त प्रत्येक कट जरा उशिरा पडत होता. ऐकून बोट हलायला साधारण पाव सेकंद जातो, २५ फ्रेमच्या हिशोबात सहा फ्रेम. तपासलं तर बहुतेक कट पाच ते सात फ्रेम मागे हवे होते. 'पाच फ्रेम मागे' आणि 'एक फ्रेम मागे' असे दोन पॅड लावले. कट निवडायचा, टक, टक, पुढचा. ४१ कटांना पंचवीस मिनिटं.

पॅडवर कागदी चिकटपट्टी लावून खुणा केल्या: समोर, आत्या, पखवाज. चिकटपट्टी ३० रुपये. सगळ्या खर्चात सर्वांत वसूल झालेली हीच.

२८ जून, शनिवार

रंग. समोरच्या फोनला सगळ्यांच्या साड्या पिवळट, आत्यावरच्या फोनला निळसर. नॉबने रंगाची चाकं फिरवता आली तर? रिझॉल्व्हच्या कलर पानावर साधा मिडी कंट्रोलर थेट चालत नाही. मी हट्टाने नॉबने माउस हलवायचा प्रयत्न केला. माउस चाकाच्या बाहेर घसरला आणि भलताच आकडा ओढून बसला. आत्या दोन मिनिटं हिरवी. तीन तासांनी नाद सोडला आणि साध्या माउसने चाळीस मिनिटांत रंग जुळवले.

३ जुलै, गुरुवार

जोडणी पूर्ण. हिशोब: कंट्रोलर ४,२००, केबल १५०, तारा आणि जवारी ९००, चिकटपट्टी ३०, रीपरचे ६० डॉलर वेगळे. मंडळाच्या चहा-पोह्यांचं आत्याने सांगू दिलं नाही. वेळ साधारण ७० तास, त्यातले निम्मे तरी वर लिहिलेल्या चुकांचे.

५ जुलै, शनिवार

संध्याकाळी आत्याकडे टीव्हीवर लावला. पूर्ण बारा मिनिटं कुणी बोललं नाही. पखवाज वाजवणाऱ्या काकूंनी स्वतःचे हात इतके जवळून कधी पाहिले नव्हते, त्या खूष. आत्याने शेवटी विचारलं, "खर्ज कुणी छेडली रे?"

"मीच. सगळ्या मीच छेडल्या."

"एकीला नख लागलंय. सारखं येतंय."

मी शंभर वेळा ऐकलं होतं, मला कधी आलं नाही. घरी येऊन खर्जाचे चार टेक हेडफोनवर एकेक ऐकले. तिसऱ्याच्या सुरुवातीला बारीक 'टिक'. आळीपाळीने वाजतात, म्हणून दर चौथ्या आवर्तनाला बरोबर हजर. २८ मेच्या रात्रीचा, शेवटच्या टेकांपैकी.

तो टेक काढला आणि खर्जाची 'सीक्वेन्स लेंग्थ' ३ केली. वाजवून बघितलं तर दर तिसऱ्या आवर्तनाला खर्ज गायब. चौथ्या टेकचा क्रमांक ४ च राहिला होता, तो ३ केला. ऑडिओ परत काढला, व्हिडिओला जोडला, एक्स्पोर्टला २५ मिनिटं. रात्री ११:२० ला चढवला आणि आत्याला लिंक पाठवली. तिचं उत्तर पहाटे सव्वापाचला आलं: "आता गेलं."